रेवखाणीची पूर्वपरीक्षा : काळी, पांढरी आणि गोट्यांचे थर

नदीकाठी रेवेची खाण उघडण्यापूर्वी तेथील मृदा व सांस्कृतिक अवशेष यांची परीक्षा व्हावी, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. मतभेदाला जागा उरते ती परीक्षेच्या पद्धतीविषयी. रूढ पद्धतीत मृदेचा अहवाल एक तज्ज्ञ लिहितो, अवशेषांचा दुसरा. आणि दोघांचीही दृष्टी प्रायः जमिनीच्या वरच्या थरापाशीच थांबते. ही विभागणी सोयीची खरी; पण भूमीच्या घडणीशी ती कितपत जुळते, हे तपासणे अगत्याचे आहे.

या पद्धतीचे मूळ इंग्लंडमध्ये सापडते. तेथील ऐतिहासिक स्मारकांच्या राजआयोगाने १९६० साली ‘अ मॅटर ऑफ टाइम’ हे नद्यांच्या रेवभूमीचे पुरातत्त्वीय सर्वेक्षण प्रसिद्ध केले. रेवेत कोरलेला प्राचीन खंदक मातीने भरला, की तेथे ओल अधिक टिकते. त्यावरील पीक उंच व हिरवे राहते आणि विमानातून घेतलेल्या छायाचित्रात खंदकाची आकृती उमटते. अशा आकृतींच्या आधारे, रेव काढताना किती वसाहती नष्ट होत आहेत, हे आयोगाने दाखवून दिले. पुढे १९९० च्या शासकीय मार्गदर्शिकेने, खाणीसारख्या कामाच्या परवानगीचा निर्णय होण्यापूर्वीच क्षेत्रपरीक्षा करवून घेण्याची रीत रूढ केली. या कार्याचे महत्त्व निर्विवाद आहे.

तथापि त्यामागे एक गृहीतक दडलेले आहे : मानवाचा इतिहास रेवेच्या माथ्यावर असतो आणि खाली असते ती केवळ निसर्गाची रचना. म्हणूनच चाचणीचर सामान्यतः रेव लागताच थांबतात. हे गृहीतक खुद्द इंग्लंडमध्येही सर्वत्र टिकत नाही. ससेक्समधील बॉक्सग्रोव्ह येथील खाणीत सुमारे पाच लाख वर्षांपूर्वीची हत्यारे मिळाली ती रेवेखालच्या सूक्ष्म गाळात. १९९३ साली तेथेच मानवी नडगीचे हाड सापडले. पृष्ठभागाच्या पाहणीत यांतले काहीही दिसले नसते.

महाराष्ट्रात तर हे गृहीतक अधिकच अपुरे ठरते. ह. धी. सांकळिया व त्यांचे सहकारी यांचा नेवासे येथील १९५४–५६ च्या उत्खननांचा वृत्तान्तही १९६० सालीच प्रसिद्ध झाला. त्यात एकाच स्थळाची दोन अंगे समोर येतात. वर टेकाडात ताम्रपाषाणयुगापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्त्यांचे थर; आणि प्रवरेच्या काठच्या घट्ट झालेल्या वाळू-गोट्यांच्या थरांत हातकुऱ्हाडी, तसेच त्यांनंतरची चर्ट व जॅस्परची छिलकाहत्यारे. येथे रेव ही अवशेषांची केवळ बैठक नसून स्वतःच अवशेषांची पेटी आहे. कंत्राटदार जे विकण्यासाठी उपसतो, तेच अभ्यासकाचे साधन होय.

मृदा आणि अवशेष यांची फारकतही अशीच कृत्रिम आहे. शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’, हा मराठी मुलखातील जुना भेद मुळात मातीच्या रंगावरून केलेला आहे. वस्तीची राख, शेण व केरकचरा यांनीच पांढरी घडते. अशा मातीत फॉस्फेटचे प्रमाण वाढलेले असते. म्हणजे मृदातज्ज्ञ ज्याला सुपीकतेचे मान समजून नोंदवितो, ते पुरातत्त्वज्ञाला वस्तीचे चिन्ह ठरू शकते. उलटपक्षी, काळी जमीन ओलीने फुगते, उन्हाळ्यात खोल भेगाळते आणि तिच्यातील वस्तू वरखाली होतात. शेतात खापर दिसले नाही, एवढ्यावरून खाली काही नाही असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

कायद्याची चौकट या उणिवा भरून काढत नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या अधिनियमात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरांचे निषिद्ध व त्यापुढे २०० मीटरांचे नियंत्रित क्षेत्र आखले. परंतु ज्या थराची स्मारक म्हणून घोषणाच झालेली नाही, त्याला हे वर्तुळ लाभत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. २०१६ साली जिल्हा सर्वेक्षण अहवालाची पद्धत आली. त्या अहवालाचा मुख्य भर खनिजाचा साठा व त्याची भरपाई यांवर आहे.

लहान पट्टेधारकाला सखोल परीक्षेचा खर्च पेलणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यातून परीक्षा टाळण्याचे समर्थन निघत नाही, ती सामायिक करण्याची गरज तेवढी निघते. जिल्हा अहवालातच नदीच्या टप्प्याटप्प्याने काही चर रेवेच्या तळापर्यंत नेऊन, मृदातज्ज्ञ व पुरातत्त्वज्ञ यांनी एकाच छेदाची एकत्र नोंद केली, तर प्रत्येक पट्ट्यावरचा भार हलका होईल. वरची माती व पोटमाती वेगवेगळी आणि कोरडी असताना काढून जपली, तर जमीन काही अंशी पूर्ववत करता येते. थरांचा क्रम मात्र एकदा मोडला की पुन्हा लावता येत नाही. पूर्वपरीक्षेचा खोलपणा ठरविताना हाच भेद प्रमाण मानला पाहिजे.