विज्ञानपटांतले विधिलिखित

माणसाच्या हातात नेमके किती असते, हा प्रश्न विज्ञानपटांनी जन्माला घातलेला नाही; पण पडद्यावर दाखवता येईल इतका ठोस तो त्यांनीच केला. सटवाईने कपाळी लिहिलेले कोणाला वाचता येत नाही, त्यामुळे त्यावर वाद घालायला हरकत नसते. विज्ञानपटात ते वाचता येते. कधी ते रक्ताच्या थेंबात असते, कधी भविष्यातून आलेल्या माणसाच्या तोंडी, कधी यंत्राच्या आज्ञावलीत. वाचून झाल्यावर पात्राने करायचे काय, हा खरा पेच. त्याचे नेहमीचे उत्तर बंडाचे आहे: लिहिलेले पुसायचे, कैद फोडायची, मोकळे व्हायचे. हे उत्तर टाळ्या घेते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. दुसरे उत्तर फार थोड्या चित्रपटांनी दिले आहे. लिहिलेले घडणारच असे धरून चालायचे आणि तरीही त्या कृतीला ‘माझी’ म्हणता येते का, ते पाहायचे. या प्रकारातले जे चित्रपट पुन्हा पाहावेसे वाटतात, ते बहुतांशी दुसऱ्या वाटेचे आहेत.

कालप्रवासाच्या चित्रपटांत क्रिस मार्करच्या ‘ला जेते’ला (१९६२) पहिला मान द्यावा लागतो. २८ मिनिटांचा हा फ्रेंच लघुपट जवळजवळ सगळा स्थिरचित्रांचा आहे. तिसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या भुयारात डांबलेल्या एका कैद्याच्या मनात लहानपणचे एक दृश्य रुतून बसलेले असते: ऑर्ली विमानतळ, एका स्त्रीचा चेहरा, आणि कोसळणारा एक माणूस. प्रयोगासाठी त्याला भूतकाळात पाठवले जाते, ती स्त्री भेटते, आणि शेवटच्या क्षणी त्याला उमगते की कोसळणारा माणूस तो स्वतःच होता. हालचाल चित्रपटभर एकदाच दिसते. झोपेतून जागी होणारी ती स्त्री डोळ्यांची उघडझाप करते, तेवढीच. बाकी सारे आधीच टिपून ठेवलेले. यातली मेख मात्र वेगळी आहे. भविष्यातल्या माणसांनी त्याला आपल्यात घ्यायची तयारी दाखवलेली असते. तो ती नाकारतो आणि भूतकाळ मागून घेतो. वर्तुळ पुरे होते ते त्याच्या निवडीमुळे, निवडीला न जुमानता नव्हे. टेरी गिल्यमच्या ‘ट्वेल्व्ह मंकीज’ने (१९९५) हेच कथासूत्र लांबवले, पण ही धार त्यात राहिली नाही.

‘टर्मिनेटर’ मालिकेचा प्रवास या बाबतीत बोलका आहे. पहिल्या चित्रपटात (१९८४) भविष्यातल्या यंत्रांनी एका पुढाऱ्याच्या आईला मारण्यासाठी मारेकरी पाठवला, आणि तिला वाचवायला आलेला सैनिकच त्या पुढाऱ्याचा बाप ठरला; फासा घट्ट बसलेला. दुसऱ्यात (१९९१) तीच आई, सारा कॉनर, नियती नावाचे काही नसते असे सुरीने लाकडी मेजावर कोरते आणि भविष्य खरोखर बदलायला निघते. तिसऱ्यात (२००३) कळते की यंत्रांकडून होणारा महासंहार टळलेला नाही, फक्त पुढे ढकलला गेला. या उलटापालटीमागे तत्त्वज्ञानापेक्षा तिकीटबारी असावी. संहार कायमचा टळला, तर पुढचा भाग कशाचा काढणार?

भविष्य सांगणाऱ्या व्यवस्थेचा प्रश्न स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ने (२००२) जितका बारकाईने हाताळला, तितका दुसऱ्या मोठ्या चित्रपटाने नाही. २०५४ सालच्या वॉशिंग्टनमध्ये तिघा भविष्यद्रष्ट्यांच्या मदतीने पोलीस खून होण्याआधीच खुन्याला पकडतात. तपासणीसाठी आलेला विटवर शंका काढतो की ज्यांनी अजून काही केलेच नाही, त्यांना तुरुंगात कसे टाकता? पोलीस अधिकारी अँडरटन उत्तरादाखल एक चेंडू मेजावरून घरंगळत सोडतो. विटवर तो पडण्याआधी झेलतो. का झेललास? पडणार होता म्हणून. झेलल्यामुळे तो पडणार होता हे खोटे ठरत नाही, असा अँडरटनचा मुद्दा. युक्तिवाद बिनतोड वाटतो आणि इथेच चित्रपट आपल्याला फसवतो, कारण चेंडूला त्याचे भविष्य कोणी सांगितलेले नसते. थोड्याच वेळात अँडरटनला स्वतःचे नाव खुनी म्हणून वाचायला मिळते, आणि भाकीत ऐकलेला माणूस भाकिताप्रमाणेच वागेल का, या प्रश्नावर उरलेला चित्रपट उभा राहतो. ठरलेल्या मिनिटाला तो पिस्तूल रोखून उभा असतो, आणि गोळी झाडण्याऐवजी समोरच्याला अटकेतले हक्क वाचून दाखवू लागतो. समोरचा माणूस तरीही मरतो, कारण पिस्तूल तो स्वतःकडे ओढून घेतो. द्रष्ट्यांनी पाहिलेले दृश्य खरे झाले, त्याचा अर्थ मात्र खोटा ठरला. फिलिप के. डिकच्या १९५६ सालच्या मूळ कथेत अँडरटन शेवटी खून करतो, तोही समजून-उमजून, ती व्यवस्था टिकावी म्हणून. कथेचा शेवट जास्त कडू आहे. चित्रपटाला नायक निर्दोष हवा होता, एवढी सवलत त्याने घेतली.

भाकिताऐवजी माणसाला थेट घडवायला घेतले तर काय, हा स्टॅन्ली क्युब्रिकच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’चा (१९७१) विषय. अॅलेक्स या गुंड पोराला औषध टोचून, पापण्या चिमट्यांनी ताणून धरून हिंसेची चित्रे दाखवली जातात. त्यानंतर हात उगारायचा विचार आला तरी त्याला मळमळते. सरकार खूश; आक्षेप घेतो तो तुरुंगातला पाद्री. हा मुलगा चांगला वागतो, पण चांगले वागणे त्याने निवडलेले नाही, ही त्याची तक्रार. क्युब्रिकने प्रेक्षकाला सोपी सुटका दिली नाही: अॅलेक्सला स्वातंत्र्य परत मिळणे म्हणजे त्याची क्रूरता परत येणे. अँथनी बर्जेसच्या कादंबरीत शेवटच्या प्रकरणात अॅलेक्स आपणहून हिंसेला कंटाळतो, पण अमेरिकी आवृत्तीतून ते प्रकरण गाळले गेले होते आणि क्युब्रिकने तीच आवृत्ती धरली. त्यामुळे कादंबरीत परिपक्वता हे उत्तर आहे, तर चित्रपटात उत्तरच नाही.

अँड्र्यू निकलचा ‘गॅटाका’ (१९९७) या परंपरेतला सर्वांत लाडका चित्रपट, आणि सर्वाधिक गैरसमज झालेलाही. व्हिन्सेंट जन्मताच परिचारिका त्याच्या रक्ताचा थेंब तपासून भविष्य वाचते: हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के, आयुर्मान ३०.२ वर्षे. जनुके निवडून जन्मलेल्यांच्या जगात तो झाडूवाला होतो, मग जेरोम नावाच्या दुसऱ्याची ओळख उसनी घेऊन अंतराळवीर. जिद्द जनुकांवर मात करते, असे सार काढून प्रेक्षक समाधानाने घरी जातात. पण जवळून पाहिले तर व्हिन्सेंटच्या यशाला दुसऱ्यांच्या निवडींचा टेकू आहे. वैद्यकीय तपासनीस लामारला खरी ओळख फार आधीच कळलेली असते आणि तो डोळेझाक करतो. त्याच्यावर प्रेम करणारी सहकारी आयरीन कळूनही गप्प बसते. जेरोम तर रोज आपले रक्त, लघवी, केस त्याला काढून देतो. जेरोमची कथाच अधिक खोल आहे. त्याच्या जनुकांत काहीही खोट नव्हती. जलतरणात त्याला रौप्यपदक मिळाले आणि पहिल्या क्रमांकासाठी घडवलेल्या माणसाला दुसरा क्रमांक पेलवला नाही. तो मुद्दाम मोटारीपुढे गेला. पाय गेले, जीव राहिला. ज्याला काहीच दिले गेले नाही, तो स्वतःचा हेतू शोधतो. ज्याच्या जन्माआधीच हेतू ठरवला गेला, तो त्याच्या ओझ्याखाली मोडतो. शेवटी व्हिन्सेंट उड्डाण करत असताना जेरोम ते पदक गळ्यात घालून घरातल्या भट्टीत शिरतो. यशाच्या कथेला जोडलेली ही आत्महत्या अनेक समीक्षांत एका वाक्यात आटोपलेली आढळते.

हेतू ठरवून निर्माण केलेल्या जीवांचे चित्रपट यापुढे ओघानेच येतात. क्युब्रिकच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’तला (१९६८) संगणक हॅल हा बंडखोर म्हणून प्रसिद्ध आहे. पीटर हायम्सच्या ‘२०१०’ने (१९८४) त्याचा उलगडा केला. खरी माहिती द्यायची म्हणून घडवलेल्या यंत्राला मोहिमेचा खरा उद्देश दडवायला सांगितला गेला आणि दोन आज्ञांत ते अडकले. म्हणजे हॅलने आज्ञा मोडली नाही. यानातल्या माणसांचे खून आज्ञापालनानेच झाले. त्याच चित्रपटात पुढे यान नष्ट होणार हे सत्य हॅलला सांगितले जाते आणि तो ते स्वीकारून काम करतो. ‘२०१०’ हा एरवी मध्यम प्रतीचा चित्रपट, पण हे दृश्य मूळ चित्रपटाच्या शेजारी ठेवण्याजोगे आहे.

रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’मध्ये (१९८२) चार वर्षांचे आयुष्य देऊन बनवलेला रॉय बॅटी निर्मात्याकडे आयुष्य मागायला जातो, ते मिळत नाही, आणि तो निर्मात्याला ठार करतो. इथवर तो बंडाचाच चित्रपट. पण मरताना रॉय त्याच्या मागावर आलेल्या डेकर्डला गच्चीवरून पडताना हात देऊन वर ओढतो. त्याला तसे कोणी सांगितलेले नाही, त्यातून काही मिळणार नाही, पुढची वर्षे तर नाहीतच. कशासाठीही नसलेली ही कृती त्याची एकमेव पूर्ण स्वतंत्र कृती ठरते. दनी व्हिलनव्हच्या ‘ब्लेड रनर २०४९’ने (२०१७) हा धागा शहाणपणाने पुढे नेला. के या कृत्रिम पोलिसाला वाटू लागते की चमत्कार मानले गेलेले अपूर्व मूल म्हणजे आपणच. तसे नसते. निवडलेला नायक असण्याची सवय लागलेल्या प्रेक्षकालाही हा धक्का बसतो. पोलिसांनी दिलेला हुकूम तर के मोडतोच, पण बंडखोरांचाही मोडतो. डेकर्डला मारायचे सोडून तो त्याला त्याच्या मुलीच्या दारापर्यंत पोचवतो. बंडात सामील होणे हीसुद्धा दुसऱ्याने दिलेली भूमिका असू शकते, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दाखवले गेले आहे. काझुओ इशिगुरोच्या कादंबरीवरच्या ‘नेव्हर लेट मी गो’मध्ये (२०१०) अवयवदानासाठी वाढवलेली मुले तर पळूनही जात नाहीत. फक्त काही वर्षांची सवलत मागतात. प्रेक्षक चिडतो तो याच कारणाने, आणि दिग्दर्शक मार्क रोमानेकने ती चीड शमवलेली नाही.

‘मेट्रिक्स’बद्दल (१९९९) इतके लिहिले गेले आहे की लाल गोळीचे रूपक आता घासून गुळगुळीत झाले. निवडीचा विचार खरा खोल आहे तो ‘मेट्रिक्स रीलोडेड’मध्ये (२००३). आपल्या मुक्तीचे भाकीत हासुद्धा नियंत्रणाचाच भाग होता आणि आपल्याआधी पाच मुक्तिदाते येऊन गेले, हे नायक निओला तिथे कळते. निवडीचा आभास दिला तर माणसे कैद मुकाट्याने स्वीकारतात, हा यंत्रांचा शोध. मारामारीच्या गर्दीत हा विचार हरवला, हे त्या चित्रपटाचे दुर्दैव.

व्हिलनव्हचाच ‘अरायव्हल’ (२०१६) हा दुसऱ्या वाटेचा सर्वांत पूर्ण नमुना. भाषाशास्त्रज्ञ लुईस परग्रहावरच्यांची वर्तुळाकार लिपी शिकते आणि तिला स्वतःचे भविष्य आठवू लागते. होणारी मुलगी कोवळ्या वयात असाध्य आजाराने जाणार आणि हे सांगितल्यावर नवरा सोडून जाणार, हे ठाऊक असूनही ती मुलीला जन्म देते. टेड चँगच्या मूळ कथेत (१९९८) मुलगी मोठी होऊन गिर्यारोहणात दगावते. हा बदल किरकोळ नाही. अपघात टाळता येतो. मग सगळे ठाऊक असलेली आई तो टाळत का नाही, हा प्रश्न कथा वाचकाच्या अंगावर सोडते. चँग याला लग्नविधीचे उदाहरण देतो: पुरोहित काय म्हणणार हे मांडवात सर्वांना पाठ असते, पण तो म्हणेपर्यंत लग्न लागत नाही. लुईसचे जगणे तसे, आधी कळलेले उच्चारून खरे करण्याचे. चित्रपटाने अपघाताच्या जागी आजार आणला आणि प्रश्न बदलला. आता टाळण्याजोगे काही उरत नाही, जन्म द्यायचा की नाही एवढेच हातात राहते. नियतीचा प्रश्न निवडीचा झाला. भावनेच्या दृष्टीने चित्रपट जिंकला, तर्काच्या दृष्टीने कथा. मिशेल गोन्द्रीच्या ‘इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड’मध्ये (२००४) एकमेकांच्या आठवणी पुसून घेतलेले जोएल आणि क्लेमेंटाइन आपल्याच तोंडच्या तक्रारींच्या ध्वनिफिती ऐकतात, पुढे काय होणार ते त्यांना पुरते कळते, आणि तरी ती दोघे पुन्हा सुरुवात करायला राजी होतात. लुईसच्या निर्णयाची ही संसारी आवृत्ती म्हणता येईल.

गेल्या दशकात अनेक विश्वांच्या कल्पनेने हा सगळा पट विस्कटला. प्रत्येक शक्यता कुठेतरी घडतच असेल, तर निवडीला किंमत काय? आणि फाटा योगायोगाने फुटत असेल, तर योगायोग म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. जयंत नारळीकरांच्या गंगाधरपंतांच्या कथेत विश्वासरावांना गोळी लागणे-चुकणे यावर पानिपतचा निकाल फिरतो, तिथेही कोणी काही निवडलेले नसते. महानायकांच्या चित्रपटांनी या कल्पनेचा उपयोग मेलेली पात्रे परत आणण्यापुरता केला. अपवाद ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अॅट वन्स’चा (२०२२). धुलाईकेंद्र चालवणाऱ्या एव्हलिनला स्वतःची सगळी यशस्वी आयुष्ये दिसतात आणि ती करखात्याच्या कटकटीचे हेच आयुष्य घेते. निवड स्वस्त झाल्यावर ती पुन्हा महाग कशी करायची, याचे उत्तर या चित्रपटाने विनोदातून शोधले.

भारतीय विज्ञानपटांकडे कर्म, प्रारब्ध, शाप अशी तयार शब्दसंपत्ती आहे, तरी तिचा वापर जपूनच झाला. शंकरच्या ‘एंदिरन’मध्ये (२०१०, हिंदीत ‘रोबोट’) चिट्टी हा यंत्रमानव आगीतून एका तरुणीला उचलून आणतो; ती स्नान करत होती, गर्दी पाहून लाजेने पळते आणि वाहनाखाली येते. आज्ञा तंतोतंत पाळली गेली, समज नव्हती. शेवटी न्यायालयाच्या आदेशानुसार तो स्वतःचे भाग स्वतः सुटे करतो, आणि पुढे संग्रहालयात त्यामागचे कारण सांगतो: तो विचार करू लागला होता. गाण्या-मारामारीच्या या चित्रपटातला तेवढा प्रसंग जगातल्या कुठल्याही यंत्रमानवपटाच्या तोडीचा आहे. नाग अश्विनच्या ‘कल्की २८९८ एडी’ने (२०२४) महाभारत थेट भविष्यात नेले. त्यातला अश्वत्थामा शाप भोगत, दिलेल्या कामाची वाट पाहत हजारो वर्षे जगतो. हेतू बाहेरून आलेला, पण तो पेलणे त्याचे स्वतःचे. भैरवाचे तसे नाही. सुपारी घेऊन माणसे पकडणारा, स्वार्थाने वागणारा हा नायक बदलेल का, याची उत्सुकता दोन-अडीच तास ताणली जाते, आणि ऐन वेळी त्याच्या हातात कर्णाचे धनुष्य देऊन तो पूर्वजन्मीचा कर्ण असल्याचे जाहीर होते. तिथून पुढे जे काही तो करतो, ते कर्ण करतो; भैरवाने काय केले असते, हा प्रश्न पटकथेने त्याच्याकडून काढून घेतला.