दिघोरी, मोठी आणि मधली तिरपी रेघ

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात दिघोरी आहे. वर्तमानपत्रात तिचं नाव ‘दिघोरी/मोठी’ असं छापून येतं. कुठे ‘मोठी’ कंसात जाते, कुठे नुसतं ‘मो.’ उरतं. त्याच जिल्ह्यात लाखनी तालुक्यात केसलवाडा/वाघ आणि केसलवाडा/पवार आहेत, मुरमाडी/तुपकर आणि मुरमाडी/सावरी आहेत. एकाच नावाची दोन गावं ओळखू यावीत म्हणून पुढे शब्द जोडला, हे समजतं. प्रश्न मधल्या रेघेचा आहे.

तिरप्या रेघेचा अर्थ आपण ‘किंवा’ असा वाचतो. ‘पती/पत्नी’, ‘होय/नाही’. पण दिघोरी किंवा मोठी असं काही नाही. गाव एकच आहे. कंस तर त्याहून वाईट. कंसातला मजकूर गाळला तरी चालतो, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. मग कोणीतरी तो खरंच गाळतो.

खरी पंचाईत विभक्तीची आहे. मराठीत गावाचं नाव क्वचितच एकटं उभं राहतं. त्याला ‘ला’, ‘त’, ‘हून’ चिकटतात. वडगाव बुद्रुकला सहज जाता येतं. ‘दिघोरी/मोठी’ला ‘ला’ लावून बघा, किंवा ‘दिघोरी (मोठी)’ला. प्रत्यय कंसाच्या आत की बाहेर? म्हणून अशा नावांमागे कायम ‘येथील’ आणि ‘येथे’ची कुबडी लागते. ज्या नावाला मराठी प्रत्यय सहज लागत नाही, ते नाव नसून यादीतली नोंद आहे.

इंग्रजीतही असा वाद आहे, तिथे अपॉस्ट्रॉफीवरून. अमेरिकेचं भौगोलिक नावांचं मंडळ 1890 पासून मालकी दाखवणारं हे चिन्ह टाळत आलंय. मार्थाज व्हिनयार्डसारखे अपवाद अगदी मोजके. 2024 मध्ये नॉर्थ यॉर्कशरच्या कौन्सिलने रस्त्यांच्या पाट्यांवरून ते काढायचं ठरवलं, तेव्हा हॅरोगेटमध्ये कोणीतरी पेनाने ते परत काढलं. कौन्सिलचं कारण होतं डेटाबेस.

हे कारण मला पटत नाही. मी फॉर्मचे नियम लिहिणाऱ्या जमातीतलाच आहे. डेटाबेसमध्ये अपॉस्ट्रॉफी, कंस, रेघ सगळं व्यवस्थित साठवता येतं. ‘विशेष चिन्हे चालणार नाहीत’ हा आमचा आळस असतो. भाषेने त्यापुढे वाकायचं कारण नाही.

म्हणजे मी रेघेच्या बाजूने आहे का? नाही. अपॉस्ट्रॉफीमागे व्याकरण आहे: जागा कोणाची ते ती सांगते. आपल्या ‘पुणें’, ‘ठाणें’वरच्या टिंबामागेही होतं, ती नपुंसकलिंगाची खूण होती. तरी 1962 च्या लेखननियमांनी ते काढलं, कारण त्याचा उच्चार कधीच गेला होता. त्याच नियमांनी नागपूर, सोलापूरमधला ‘पूर’ दीर्घ लिहायला सांगितलं. गावाच्या नावातल्या तिरप्या रेघेबद्दल मात्र नियम नाही. तिच्यामागे ना उच्चार आहे, ना व्याकरण. ती कारकुनी सोय आहे.

आणि सोयही कसली? फाइलच्या नावात ही रेघ चालत नाही, कारण संगणकासाठी ती फोल्डर वेगळं करणारी खूण आहे. सातबाऱ्यावर रेघ, रेशनकार्डावर कंस, बँकेत ‘मो.’ असेल, तर अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्रामला ती तीन गावं दिसतात. शिष्यवृत्तीच्या अर्जात पत्ता जुळत नाही तेव्हा हेलपाटे विद्यार्थ्याला पडतात, रेघ ओढणाऱ्याला नाही.

एक आक्षेप रास्त आहे. रेघ काढली तर ‘मुरमाडी सावरी’ ही दोन गावं वाटतील. पण यादीत गावं वेगळी करायला स्वल्पविराम आहे. जोडरेघ मात्र नको. पिंपरी-चिंचवडमुळे ती दोन गावांचीच खूण झाली आहे.

तेव्हा मधे फक्त मोकळी जागा सोडावी: दिघोरी मोठी. सातबाऱ्यापासून एसटीच्या पाटीपर्यंत सगळीकडे एकच. मग दिघोरी मोठीला जाता येईल, दिघोरी मोठीत राहता येईल, आणि दिघोरी मोठीहून आलेला अर्ज परत जाणार नाही.