'सोलो' राइडच्या डिस्क्रिप्शनमध्ये कोण नसतं?

लडाखच्या व्लॉग्जचा आता एक साचा झालाय. मनालीहून पहाटे निघायचं, टांडीच्या पंपावर टाकी फुल्ल करायची, बारालाचा ला वर थंडीने कुडकुडायचं, गाटा लूप्सवर ड्रोन उडवायचा आणि शेवटी खारदुंग ला च्या पाटीजवळ फोटो काढायचा. थंबनेलवर मोठ्या अक्षरांत 'सोलो'. पुढच्या जूनमध्ये आम्हा चौघांचा लेहचा बेत शिजतोय, त्यामुळे गेले काही महिने जेवणाच्या सुट्टीत मी हेच बघतोय. मराठी, हिंदी, जे समोर येईल ते.

या पोरांची टिंगल करणं सोपं आहे, पण मला ती करायची नाही. टांडीनंतर तीनशेहून जास्त किलोमीटर पंपाचा भरवसा धरायचा नाही, ऊन चढलं की बर्फ वितळून नाल्यांचं पाणी वाढतं म्हणून ते सकाळीच ओलांडायचे, बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, हे सगळं मला त्यांच्याकडूनच कळलं. दीडशे सीसीच्या गाडीवर निघालेला आपल्यासारखाच एखादा पोरगा बघून 'आपणही जाऊ शकतो' असं वाटतं. हे काही थोडं नाही.

माझं भांडण 'सोलो' या शब्दाशी आहे.

आम्ही कोड लिहितो तेव्हा प्रोजेक्टमध्ये एक फाईल असते. आपलं काम कुणाकुणाच्या कोडवर उभं आहे, त्या डिपेंडन्सींची यादी तिच्यात असते. ती नसेल तर प्रोग्राम दुसऱ्याच्या मशीनवर चालतच नाही. व्लॉगमध्ये या यादीची जागा म्हणजे डिस्क्रिप्शन बॉक्स. तिथे हेल्मेट, ग्लोव्ह्ज, कॅमेरा, माइक, सॅडल बॅग असं सगळं लिंकसकट असतं. म्हणजे जे विकत घेता येतं तेवढंच. ज्याच्यावरून गाडी चालली तो रस्ता यादीत नसतो.

हे खटकायला लागलं ते 'लाँग वे राऊंड' पुन्हा बघताना. यूअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते २००४ साली लंडनहून मोटरसायकलवर निघाले आणि युरोप, कझाकस्तान, मंगोलिया, सायबेरिया, अलास्का करत न्यूयॉर्कला पोचले. आज जगभर जे राइडचे व्हिडिओ बनतात, त्यांच्यावर या मालिकेची छाप स्पष्ट दिसते. तिच्यावर नेहमीचा आक्षेप असा, की बीएमडब्ल्यूच्या गाड्या, सपोर्टचा ताफा, पैसा हाताशी असताना हा स्वतंत्र प्रवास कसला?

आक्षेप बरोबर आहे. तरीही मला ही मालिका 'सोलो' व्लॉग्जपेक्षा प्रामाणिक वाटते, कारण ती आपली डिपेंडन्सी लपवत नाही. सुरुवातीला बराच वेळ आपण ऑफिसातच असतो. नकाशे, व्हिसा, प्रायोजकांच्या मिनतवाऱ्या, एका कंपनीने गाड्या द्यायला दिलेला नकार. पुढे मंगोलियात कॅमेरामन क्लाउडिओच्या बीएमडब्ल्यूची फ्रेम मोडते आणि तो तिथे मिळणारी साधी रशियन बनावटीची मोटरसायकल घेऊन पुढे जातो. सपोर्टचा ताफा प्रामुख्याने सीमांवर भेटणारा, त्यामुळे अडल्यावर उपयोगी पडतात ती तिथली माणसं. मालिका सगळ्यात जिवंत होते ती इथेच, ठरवलेलं फिसकटतं तेव्हा.

ती कमी पडते सायबेरियात. याकुत्स्क ते मगादान हा सुमारे दोन हजार किलोमीटरचा कोलिमा महामार्ग 'हाडांचा रस्ता' म्हणून ओळखला जातो. १९३२ पासून स्टालिनच्या छावण्यांतल्या कैद्यांनी तो बांधला आणि बांधताना असंख्य कैदी मेले. कॅमेऱ्याला मात्र मुख्य ओढ आहे ती फुगलेल्या नद्यांची. दोघे पार होणार की नाही? गाड्या ट्रकात चढवाव्या लागतात तिथे आपणही श्वास रोखून बघतो. पण निदान रस्त्याच्या नावातच त्याचा इतिहास आहे. तो विसरायचा म्हटलं तरी विसरता येत नाही.

आपल्या रस्त्यांना अशी नावं नाहीत. लडाखचे रस्ते सांभाळते बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशन, स्थापना १९६०. दगड फोडणं, डांबर तापवणं, दरड उपसणं ही कामं करणाऱ्यांत कित्येक दशकं झारखंडच्या दुमका भागातले संथाळ मजूर आहेत. ते सपाटीवरून येतात आणि विरळ हवेत, तंबूत राहून, हंगामभर काम करतात. टाळेबंदी सैल होत होती तेव्हा, जून २०२० मध्ये, त्यांना कामावर नेण्यासाठी दुमकाहून खास रेल्वे सोडावी लागली. त्यांच्यावाचून लडाखचे रस्ते अडतात, याचा याहून ठळक पुरावा कुठला?

व्लॉगमध्ये ही माणसं दिसतात, नाही असं नाही. तोंडाला फडकं बांधलेली, फावड्यावर रेललेली, एखादा हात हलवणारी. साधारण दोन सेकंद, तेही टाइमलॅप्समध्ये. कॉमेंट्समध्ये वाद मात्र उंचीचा. खारदुंग ला च्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, जीपीएस साधारण १७,५८० सांगतं. या आठशे फुटांवर लोक हमरीतुमरीवर येतात. तेवढ्या उंचीवर रस्ता नेला कुणी, हे कुणी विचारत नाही.

यावर उपाय म्हणून उदास संगीत लावून 'बिचारे मजूर' दाखवणारा एपिसोड मला नकोय. तो तर आणखी वाईट, कारण त्यातही हिरो राइडरच राहतो. मला साधी माहिती हवीय. इतक्या थंडीत डांबर धरतं कसं? दरवर्षी तोच पट्टा का उखडतो? दिवसाची मजुरी किती आणि ती हातात कधी पडते? गिअरबॉक्सबद्दल हे लोक ज्या कुतूहलाने वीस-वीस मिनिटं बोलतात, त्याच कुतूहलाने रस्त्याबद्दल बोलावं, एवढंच. समोरच्याची हरकत नसेल तर कॅमेरा त्याच्या हातात द्यावा आणि आपण गप्प बसावं.

असा व्लॉग अजून तरी माझ्या बघण्यात नाही. कुणी केला तर डिस्क्रिप्शनमध्ये हेल्मेटच्या लिंकच्या वर एक ओळ टाका: हा घाट कुठल्या तुकडीने मोकळा केला आणि ती माणसं कुठल्या जिल्ह्यातून आली होती. त्यानंतर खुशाल 'सोलो' म्हणा.