ती मुलगी कुणाला घाबरली?

२५ एप्रिल २०१५ला नेपाळ हादरलं आणि काही दिवसांतच एक फोटो फोनाफोनांत फिरू लागला. भेदरलेली चिमुरडी आणि तिला घट्ट कवटाळून बसलेला, तिच्याहून जेमतेम मोठा भाऊ. भूकंपात बहिणीला सांभाळणारा भाऊ, असं खाली लिहिलेलं.

फोटो नेपाळचा नव्हताच. ना सोन न्गुयेन या व्हिएतनामी छायाचित्रकारानं तो २००७मध्ये व्हिएतनामच्या हा झांग प्रांतातल्या एका गावात काढला होता. ही ह्मोंग पोरं घरापुढे खेळत होती, आईबाप शेतावर. भूकंपाआधी नेटवर हीच मुलं ब्रह्मदेशातली अनाथ झाली होती, सीरियातल्या यादवीचे बळीही.

टिनआयवर फोटो टाकून सर्वांत जुनी नोंद बघता येते. पण ती तारीख यंत्राला फोटो पहिल्यांदा दिसल्याची, काढल्याची नव्हे. पुढचं सांगायला माणूसच लागतो. इथे न्गुयेननं सांगितलं.

'फेक आहे' म्हणून आपण असा फोटो डिलीट करून मोकळे होतो. मला ते पटत नाही. फोटो खरा आहे, खोटी आहे ती खालची ओळ. न्गुयेनच्या सांगण्यानुसार मुलगी रडली ती अनोळखी माणूस समोर आला म्हणून, आणि भावानं तिला जवळ घेतलं. तो अनोळखी माणूस म्हणजे खुद्द न्गुयेन, कॅमेरा धरलेला! भूकंपाच्या ओळीत आपण कळवळणारे होतो. आता कळतं, आपण नेमके त्याच्याच जागी उभं राहून बघतोय.

फोटो आपला आहे हे न्गुयेन पुढे सांगत राहिला. शेअर भूकंपालाच मिळाले.