हक्क संपला, राखण उरली

निरक्षर बहिणाबाई चौधरींची, सोपानदेवांनी व आप्तांनी टिपून घेतलेली गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये संग्रहरूपाने आली. मरणोत्तर प्रकाशनाला कॉपीराइट कायद्याचे संरक्षण पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे. म्हणजे त्या संग्रहात प्रथम छापलेल्या गाण्यांचा हक्क २०१२ अखेर संपला. आता ती कुणीही छापावीत, गावीत, हे चांगलेच. पण मोबाईलवर फिरताना लेवा गणबोलीतले शब्द ‘शुद्ध’ होतात, परक्या ओळीही त्यांच्या नावावर खपतात. कायदा मुदत मोजतो, पाठ तपासत नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने हस्तलिखिते जपली, तसा जळगावकरांनी हा मूळ पाठ जपावा. आता वारस आपण सारेच, राखणही आपलीच.