‘स्मृतिचित्रें’ : चुलीपाशीं उमललेली श्रद्धा

कांहीं ग्रंथांवर सर्वांचें इतकें प्रेम असतें कीं, त्या प्रेमापायींच ते नीट वाचले जात नाहींत. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ हा असाच एक ग्रंथ होय. त्याचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून तो मराठी घरांतून सतत वाचला जात आहे, आणि शांता गोखले ह्यांच्या २०१७ सालच्या इंग्रजी भाषांतरामुळें मराठी न जाणणाऱ्या वाचकांपुढेंही तो नव्यानें आला आहे. त्यांतील विनोद, भाषेची सहजता आणि लेखिकेचें निर्मळ मन हे गुण सर्वांनींच वाखाणले. परंतु ज्या घटनेभोंवतीं हा सारा ग्रंथ फिरतो, त्या धर्मांतराविषयीं वाचक संकोचानेंच बोलतो. हिंदु वाचक तो भाग सोसून घेतो आणि पुढच्या गमतीकडे वळतो. ख्रिस्ती वाचक त्यांत धर्माची साक्ष शोधतो आणि ती हवी तशी न सांपडल्यामुळें किंचित् निराश होतो. आमच्या मतें दोघेही श्रद्धेचा शोध भलत्याच जागीं करितात.

धर्मांतराची हकीकत म्हटली म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें बाबा पदमनजींचें ‘अरुणोदय’ येतें. १८५४ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या ह्या पंडिताचें मन वाचन, वाद, शंका आणि समाधान अशा पायऱ्यांनीं वर चढत गेलें. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कथाही बरीचशी त्याच जातीची. आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें दिलेला नवा करार त्यांनीं वाचावयास घेतला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. ह्या पुरुषांची श्रद्धा पुस्तकाच्या वाटेनें आली. लक्ष्मीबाईंना ती वाट मोकळी नव्हती. शाळा त्यांना ठाऊक नव्हती. लिहिणें-वाचणें त्या लग्नानंतर पतीजवळ शिकल्या. पतीचा नवा धर्म त्यांच्यापुढें प्रथम उभा राहिला तो मोडलेल्या संसाराच्या रूपानें.

ग्रंथाच्या आरंभीं त्यांनीं आपल्या वडिलांच्या सोवळ्याचें चित्र काढलें आहे. बाजारांतून आलेलें मीठ आणि साखरसुद्धां धुवून घेणारें तें घर! वाचक येथें पोट धरून हंसतो, आणि हंसावें हेंच योग्य. मात्र हंसून झाल्यावर क्षणभर थांबावें. मीठ धुवावयास घेतलें म्हणजे शुद्धता तेवढी हातीं राहते, आणि जिच्यासाठीं ती शुद्धता ती वस्तु पाण्याबरोबर वाहून जाते. ही टीका लक्ष्मीबाई करीत बसत नाहींत. परंतु पुढें त्यांच्या आयुष्याला जें वळण लागलें, त्याचें बीज आम्हांस येथेंच दिसतें.

दीर्घ ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तेव्हां त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. त्यांचें सोवळें-ओवळें चालूच होतें. त्यांच्या मनांत पहिला पालट झाला तो खाण्यापिण्याच्या निर्बंधांविषयीं. जातिभेद देवानें केलेला नाहीं, तो माणसानें केला आहे, असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि कोणाच्याही हातचें अन्नपाणी घेण्याचा त्यांनीं निश्चय केला. ख्रिस्तावरील विश्वास त्यानंतर आला. बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. सामान्यतः माणूस सिद्धांत आधीं मान्य करितो आणि आचरण मागाहून, पुष्कळदां केव्हांच नाहीं. येथें हातानें आधीं पाण्याचा पेला घेतला, आणि सिद्धांत दाराशीं आला तेव्हां त्याच्यासाठीं घर झाडून ठेवलेलें होतें.

जी गोष्ट श्रद्धेची तीच आशेची. टिळकांच्या हातीं पैसा टिकत नसे. घरांत पाहुणे, निराधार माणसें आणि परक्यांचीं मुलें ह्यांची वर्दळ असे. औदार्याचें पुण्य कवीच्या पदरीं पडे आणि रात्रीच्या जेवणाची चिंता गृहिणीच्या. लक्ष्मीबाई ह्या विषमतेवर पांघरूण घालीत नाहींत. पतीचा राग, हट्ट आणि लहरीपणा त्या उघडपणें सांगतात. तथापि त्या सांगण्यांत कडवटपणा नाहीं. उद्यांची तजवीज ठाऊक नसतांना आज दारीं आलेल्या माणसाचें पान मांडणें, ह्याहून आशेची निराळी व्याख्या आम्हांस करितां येत नाहीं.

येथें एक आक्षेप रास्त आहे. लक्ष्मीबाईंची विनोदबुद्धि जन्मजात होती. बाप्तिस्म्यापूर्वींच्या प्रसंगांतही ती तितकीच खेळते. मग तिचें श्रेय ख्रिस्ती श्रद्धेस कां द्यावें? हा आक्षेप आम्हांस अर्धा मान्य आहे. स्वभाव बदलला नाहीं, पण त्याचें कार्य बदललें. पूर्वीं हंसणें हें सोसण्याचें साधन होतें. पुढें तें दुसऱ्यास जवळ करण्याचें साधन झालें. त्यांच्या सोशिकपणाचेंच कौतुक करून मोकळे होणारे वाचक हा फरक विसरतात, आणि तिनें मोजलेली किंमतही विसरतात.

ग्रंथांत एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. प्रार्थनेच्या एकांतांत काय घडलें, मनांत कोणत्या शंका उरल्या, ह्याविषयीं लेखिका फार थोडें बोलते. बाहेरची धांदल इतकी जिवंत उतरली आहे कीं, आंतला निवांतपणा पुरेसा ऐकूं येत नाहीं.

१९१९ सालीं टिळक वारले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य अपुरें राहिलें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें, आणि त्याचा फार मोठा भाग त्यांच्याच हातचा आहे. आज तें थोडे लोक वाचतात, ‘स्मृतिचित्रें’ पुष्कळ वाचतात. ह्याचें कारण आम्हांस असें वाटतें कीं, महाकाव्यांत श्रद्धा सांगावी लागली आणि येथें ती सांगण्याची गरजच पडली नाहीं. वाचकांनीं हा ग्रंथ पुन्हां हातीं घ्यावा. आणि मीठ धुण्याचा प्रसंग वाचून हंसल्यावर, आपल्या स्वतःच्या घरांत आपण काय धुवून घालवीत आहों, हेंही एकदां पाहावें.