कासराभर अंतर

मराठवाड्यातल्या आमच्या करमाडकडे अंतर अजून अंगानंच मोजतात. विहिरीला पाणी पुरुषभर असतं, वस्ती हाकेच्या टप्प्यात असते, दोन रोपांत वीतभर जागा सोडलेली असते, आणि सकाळी कामाला निघायला उशीर झाला की म्हातारी माणसं म्हणतात, दिवस कासराभर वर आला. कासरा म्हणजे बैल हाकताना हातात धरायचा दोर. सूर्य आणि क्षितिज यांच्यातलं अंतर या दोरानं मोजावं असं ज्याला पहिल्यांदा सुचलं, त्याच्या नजरेचं मला फार मोल वाटतं. त्यानं आभाळाला आपल्या हाताचं माप लावलं.

एकाच छोट्या कॅमेऱ्यावर प्रवास करण्याबद्दल लिहायला बसलो आणि हा दोरच आधी आठवला, कारण माझा कॅमेरा असाच एक दोर आहे. फुजीफिल्मचा एक्स-100, 2011 साली बाजारात आलेला पहिला अवतार, माझ्याकडे आला तो वापरलेला. बॅटरीसकट वजन 445 ग्रॅम. समोरची लेन्स 23 मिलिमीटरची आणि ती अंगालाच जोडलेली. काढता येत नाही, बदलता येत नाही, झूम तर नाहीच. करमाड स्टेशनवर गाडीत चढताना खांद्याच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली, टॉवेल आणि हा. दुसरी लेन्स घ्यायची की नाही, हा प्रश्न घरातून निघतानाच मिटलेला असतो.

या लेन्सला जेवढं दिसतं, तेवढंच जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यात 35 मिलिमीटरच्या लेन्सला दिसायचं. फिल्मची चौकट 36 मिलिमीटर रुंद. आकडे जवळजवळ सारखे असल्यामुळे एक सुंदर गोष्ट घडते: तुम्ही जितके लांब उभे, तितक्याच रुंदीचं जग चौकटीत येतं. दोन मीटरवर उभे राहा, दोन मीटर रुंद दिसेल. आणि कॅमेरा उभा धरला की हीच रुंदी उंची होते. म्हणजे उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत टिपायचा, तर त्याच्यापासून त्याच्याच उंचीएवढं, थोडी मोकळीक धरून, अंतर ठेवायचं. पुरुषभर माणसाला पुरुषभर अंतर. एवढ्या अंतरावर दोन माणसं सहज बोलतात, त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. हे मला उमगलं त्या दिवसापासून मी या कॅमेऱ्याकडे यंत्र म्हणून पाहणं सोडून दिलं.

पोळ्याआधीच्या बाजारात हे नीट अनुभवाला आलं. एक वयस्कर गृहस्थ गोणपाटावर दावी, कासरे, वेसणी, म्होरक्या मांडून बसले होते. मागं दोरीवर रंगीत गोंडे लटकत होते. मी पाच-सहा मीटरवरून कॅमेरा उचलला, तर चौकटीत तेवढाच रुंद बाजार आला: शेजारची मिरचीची पाटी, एक मोटारसायकल, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पाठी, आणि मध्ये कुठंतरी ते. लांब पल्ल्याची लेन्स असती तर तिथूनच त्यांचा चेहरा ओढून घेतला असता आणि त्यांना कळलंही नसतं. तेवढ्यात त्यांचंच लक्ष गेलं. "काय काढायले भाऊ? लांबून काय दिसायलंय, बसा की हितं." मी गोणपाटाच्या कडेला टेकलो. आता अंतर हातभराहून थोडं जास्त. त्यांनी एक सुताचा कासरा उचलला, पीळ उलगडून दाखवला, नायलॉनचा दोर बैलाच्या मानेला कसा घासतो ते सांगितलं. सांगताना हात थांबले नाहीत. फोटो त्या हातांचा आहे. या कॅमेऱ्याची एक खोड अशी की ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून अगदी जवळून काढलं की चित्र दुधाळ, मऊ येतं. दोन पायऱ्या मिटवलं की धार येते. मी मिटवलं नाही. सुताच्या तंतूंवर जो धुकट उजेड आला आहे, तो लेन्सचा दोष म्हणता येईल. पण बोटं आणि दोर यांची हद्द त्या उजेडात पुसली गेली आहे आणि पीळ कुठं संपतो, सुरकुती कुठं सुरू होते, हे पटकन सांगता येत नाही. शटर लेन्सच्या पोटातच असल्यामुळे त्याचा आवाज सुपारी फुटण्याइतकाही होत नाही. बोलणं त्यानं तुटलं नाही.

हे सगळं मला नवं वाटत होतं, तेव्हा घरातलाच एक फोटो पुन्हा हाती आला. आगफा क्लिक-3 नं काढलेला. साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी मराठी घरांत हा काळा डबा होता. लेन्स पक्की, फोकस पक्का, उन्हासाठी आणि ढगांसाठी एवढीच काय ती निवड. 120 च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. पाठीमागच्या लाल काचेतून आकडा बघत चावी फिरवायची. आमच्याकडे दोन नियम पाळले जात: सूर्य पाठीशी हवा आणि माणसं दहा फुटांच्या आत नकोत. बारा फोटोंत सबंध सहल बसवायची. आज ती संख्या वाचताना अंगावर येते. त्या वेळी ती भाकरीच्या पिठासारखी मापून वापरली जाई.

मीटर गेजच्या पॅसेंजरनं करमाडहून दौलताबादला गेलेल्या सहलीचा हा फोटो. तिथला चांदमिनार साठ मीटरहून उंच. वडिलांपुढं दोनच वाटा होत्या. माणसं ओळखू येतील इतकं जवळ राहायचं, तर मिनाराचं नुसतं जोतं येणार. मिनार अख्खा हवा, तर मागं मागं सरकत जायचं. ते मागं गेले. खूप मागं गेले. फोटोत मिनार टोकापर्यंत आहे आणि त्याच्या पायथ्याशी आमचं कुटुंब तांदळाच्या पाच दाण्यांएवढं. कोणाचाही चेहरा दिसत नाही. आई मात्र बोट ठेवून प्रत्येकाला ओळखते. ही आत्या, हिचा डावा खांदा असा पडतो. हा तुझा काका, हा कधी सरळ उभा राहिलाच नाही. ही मी, पदर धरलाय बघ, वारा होता. चेहऱ्यावाचून माणूस ओळखायचं म्हणजे त्याच्या उभं राहण्यावरून ओळखायचं, आणि तसं फक्त आपलंच माणूस ओळखता येतं.

बरीच वर्षं मी हा फसलेला फोटो समजत होतो. मग एकदा खालचा भाग नीट पाहिला. ऊन कलतं असावं. खालच्या कडेतून एक लांब सावली आत शिरली आहे: डोकं, खांदे, कॅमेऱ्यापाशी उचललेले कोपर. सूर्य पाठीशी ठेवण्याचा नियम वडिलांनी पाळला आणि त्यांची सावली चौकटीत आली. ती मोकळ्या जमिनीवरून कुटुंबाच्या दिशेनं निघाली आहे, पण तिथवर पोचलेली नाही. त्या जमिनीतच या चित्राचा सगळा रस आहे. मिनार नुसता साक्षीला आहे. आपल्या माणसांना काहीतरी भव्य दाखवायचं म्हणून स्वतः लांब जाऊन उभा राहिलेला बाप, हा या चित्राचा विषय आहे, आणि झूम असती तर तो उमटला नसता.

वेरूळला तर ही पक्की लेन्स उघड हरते आणि त्या हरण्यातूनच शिकवते. सोळावं लेणं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं कैलास. माझ्या हिशोबानं 30 मीटर उंचीच्या वास्तूला 30 मीटर अंतर हवं. पण मंदिर मध्ये उभं, भोवती कापलेल्या कड्याच्या भिंती; बाजूच्या अंगणात तेवढं मागं सरकायला जागाच नाही. चार पावलांत पाठ दगडाला टेकते. चौकटीत हत्तींची रांग येते तर शिखर जातं, शिखर येतं तर पाय जातात. पहिल्यांदा गेलो तेव्हा चिडचिड झाली होती. नंतर लक्षात आलं, हे मंदिर एका नजरेत मावायचं नाहीच. ते वरून खाली कोरत आणलेलं आहे, म्हणजे घडवणाऱ्यांनी आधी शिखर पाहिलं आणि पाया सगळ्यात शेवटी. आपण खालून उलट्या क्रमानं वाचतो. म्हणून कॅमेरा गळ्यात अडकवून बाजूच्या डोंगरावर चढलो. वरच्या कडेवरून पाहिलं तर अंतर जुळलं आणि पहिली छिन्नी लागली तेव्हा जसा असेल तसा, वरून खालचा, तो दगड दिसला. अंगणातून मला तो कधीच दिसला नसता.

त्याच मंदिराच्या दक्षिण अंगाला रावण कैलास हलवतो तो शिल्पपट आहे. अनेक हातांचा रावण खाली अंधाऱ्या खोबणीत, वर पार्वती शंकराच्या दंडाला बिलगलेली, एक दासी घाबरून पळणारी, आणि शंकर स्वस्थ. या पटापुढं मात्र लेन्स आणि शिल्प यांचं माप जुळतं. मी गेलो तेव्हा ऊन त्यावर नव्हतं, समोरच्या कड्यावरून परतलेला मवाळ उजेड होता. पार्वतीचा हात टिपायला जवळ गेलो की रावण सुटायचा. रावणाचे हात घ्यायला वाकलो की वरचा शंकर कडेला कापला जायचा. शेवटी तीन पावलं मागं सरलो आणि पट अख्खा आला. तेव्हा दिसलं ते असं: खालच्या धडपडीचा थरकाप पार्वतीपर्यंत पोचलाय, दासीच्या पायांत शिरलाय, आणि शंकरापाशी येऊन थांबलाय. जवळून काढलेल्या सुट्या तुकड्यांत हा थरकाप नाही.

याच मुलुखात आधी एक माणूस कॅमेरा घेऊन फिरून गेला होता. मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल. 1844 मध्ये त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं लेण्यांत राहून केलेली त्याची बहुतेक चित्रं 1866 च्या आगीत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली. त्या आगीआधीच त्यानं स्टिरिओ कॅमेरा हाती घेतला होता. दोन डोळ्यांसारख्या शेजारी शेजारी दोन पक्क्या लेन्स, ओल्या काचा, त्या वाळायच्या आत धुवायला सोबत अंधारा तंबू. अजिंठा-वेरूळची त्याची छायाचित्रं 1864 मध्ये वास्तुकलेचा अभ्यासक फर्ग्युसन याच्या मजकुरासह ग्रंथरूपानं आली. दोन चित्रं दुर्बिणीसारख्या चष्म्यातून पाहिली की एक होतात आणि खांबामागं खांब उभा राहतो. रंगांनी वर्षं घेतली, ते जळाले. काचेनं खोली जपली. आज तो भुसावळला मातीत आहे.

जगात पक्क्या लेन्सच्या वाटेचं मोठं उदाहरण म्हणजे लायका. 1925 मध्ये विकायला आली तेव्हा तिची 50 मिलिमीटरची लेन्सही अंगालाच जोडलेली होती. पुढं लेन्स बदलता येऊ लागली, तरी छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ बहुतेक आयुष्य त्या एकाच मापावर राहिला. 30 जानेवारी 1948 ला तो दिल्लीत होता. बिर्ला हाउसच्या फाटकावरून नेहरू लोकांना गांधीजी गेल्याचं सांगताहेत, ते त्याचं चित्र पाहा. काळोख, एक दिवा, हललेली, धूसर माणसं. नेहरूंच्या चेहऱ्याच्या रेषा दिसत नाहीत. गर्दीत उभ्या असलेल्या कोणालाही त्या रात्री एवढंच दिसलं असेल. कोणाच्या दुःखाच्या किती जवळ जायचं, हे तिथं ज्या पावलांवर तो उभा होता त्यांनीच ठरवलेलं आहे. त्या धूसरपणापुढं मी पुन्हा पुन्हा थांबतो.

आता जे लिहायचं ते मी बराच वेळ मागं ढकलत आलो.

8 मे 2020. टाळेबंदीचे दिवस. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे पायी निघाले होते, रात्रभर रुळांवरून चालत. बदनापूर आणि करमाडच्या मध्ये थकून रुळांवरच टेकले. गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं. पहाटे मालगाडी आली. 16 जण गेले. त्या सकाळची छायाचित्रं देशभर पोचली आणि तेव्हापासून करमाड म्हटलं की लोकांना खडीवर पडलेल्या भाकऱ्या आठवतात.

मी त्या दिवशी कॅमेरा घेऊन गेलो नाही. गावातून जाता आलं असतं. पिशवी खुंटीलाच राहिली. पण भाकऱ्यांचं ते छायाचित्र मी पुष्कळदा पाहिलं आहे आणि त्याच्याकडे पाहण्याची मला हीच एक रीत येते, अंतराची. चौकटीत माणूस नाही. रूळ, स्लीपर, खडी, आणि त्या खडीवर गोल, पांढुरक्या, हातानं थापलेल्या किंवा लाटलेल्या भाकऱ्या-पोळ्या. काही एकावर एक, काही सुट्या. त्या दिवसाची लांबून काढलेली दृश्यंही होती, त्यांत गर्दी, गाडी, पोलीस दिसतात. ती मनात राहिली नाहीत. हे राहिलं, कारण पीठ भाजल्याचे तपकिरी डाग दिसावेत इतक्या जवळून ते पाहिलेलं आहे. ते डाग प्रत्येक भाकरीवर वेगळे असतात. कोणीतरी त्या तव्यावर उलटल्या होत्या, वाटेसाठी मोजून बांधल्या होत्या.

आमच्या घरी ताटातली भाकरी खाली पडली की कोणी ओलांडत नाही. वाकून उचलतात, कपाळाला लावतात, मग बाजूला ठेवतात. लहानपणी मलाही तसं वाकवलेलं आहे. भाकरीकडे झुकलेल्या माणसाचे डोळे जेवढ्या अंतरावर येतात, तेवढ्याच अंतरावरून हे चित्र दिसतं. मोबाइलच्या पडद्यावर ते पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझा हात खाली गेला होता.